स्वतःपासून सहाशे चाळीस मीटरवरचा खांब

एखादी गोष्ट नाही, असं सरकारकडून लिहून आणणं सोपं असतं. आहे, असं लिहून आणायला निघालं की माणसाची खरी परीक्षा होते. मी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत काढली आहेत, तेव्हा अर्ज बघून घाम फुटणाऱ्यांतला मी नव्हे. तरीही मागच्या वर्षीच्या वसंतात एका सिमेंटच्या खांबापायी मला जे भोगावं लागलं, ते मॅव्हिसच्या मते माझ्या स्वभावामुळे आणि माझ्या मते तिच्या गुडघ्यामुळे. मॅव्हिस म्हणजे माझी बायको. गुडघा डावा.

आधी खांबाचं सांगतो. आमच्या यॉर्कशरच्या डोंगरमाथ्यांवर, आणि तसे देशभरच, चार फूट उंचीचे, वर निमुळते होत गेलेले खांब उभे आहेत. आमच्या आजोबांच्या काळात त्यांच्या डोक्यावर मोजणीची दुर्बीण बसवून, एका डोंगरावरून दुसरा डोंगर बघत अख्खा देश मोजला गेला. आता ते काम उपग्रह करतात आणि खांबांना काही कामच उरलेलं नाही. दिवसभर एका जागी उभं राहून हवा बघायची, बस. निवृत्त माणसांना त्यांच्याबद्दल जिव्हाळा वाटतो तो काही उगीच नाही.

तर आम्ही हे खांब शोधत हिंडतो. खांबापर्यंत चालत जायचं, त्याच्या माथ्यावर तळहात टेकवायचा, वहीत तारीख लिहायची, फ्लास्कमधला चहा प्यायचा आणि पावसात भिजत परत यायचं. आमच्या हॅगशॉ गावात अकरा जणांचं खांब मंडळ आहे आणि त्याचा नियम एकच: तळहात. नुसती बोटं चालत नाहीत, हातमोजा चालत नाही आणि काठीनं शिवणं म्हणजे तर शुद्ध लबाडी. एका सभासदानं मागे कोपर टेकवलं होतं, त्यावर दोन बैठका झाल्या. तो सभासद आता टपाल तिकिटं जमवतो.

मॅव्हिसचे एकशे नव्व्याण्णव खांब झाले होते. माझे एकशे सत्त्याऐंशी. मधल्या बारांचा विषय नको.

दोनशेवा ठरवायचा आणि तिचा गुडघा गेला. चौदा महिने वाट पाहिल्यावर इस्पितळाचं पत्र आलं: तेवीस दिवसांनी शस्त्रक्रिया. तपासायला गेलो, तर सर्जन सज्जन माणूस. तो म्हणाला, "नवा गुडघा झकास बसवून देईन. पण डोंगराचं वचन मागू नका." घरी येईपर्यंत मॅव्हिस गाडीत टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलत होती. संध्याकाळी तिनं कपाटातून वही काढली, एकशे नव्व्याण्णवच्या खालची कोरी ओळ बघितली आणि वही मिटली. बोलली काहीच नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी एक शिकलोय, ती बोलत नाही तेव्हा कान टवकारावेत. उरलेला प्रत्येक खांब दोन-दोन तासांच्या चढावर होता आणि तिला काठी घेऊन शंभर पावलांवर बसावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी ती रोपं घेऊन आम्ही वरच्या रस्त्यानं परत येत होतो, तर ती किंचाळली, "थांब! थांब! एडगर, गाडी थांबव!"

मला वाटलं मेंढी आली चाकाखाली. बघतो तर मेंढी सुखरूप होती. ती दगडी कुंपणापलीकडे, फाटकाच्या आत, एका सिमेंटच्या खांबाला पाठ घासत होती. चार फुटी, निमुळता, बाजूला धातूची आकड्यांची पट्टी. शंभर नंबरी खांब! फाटकापासून साठ पावलांवर. मी चालून मोजली. खांबाशी पोचतोय तोच शेताचा मालक एली सटक्लिफ गोठ्यातून बाहेर आला. वय एक्याऐंशी, टोपीचं वय त्याहून जास्त.

"फाटक लावलं का?" तो म्हणाला.

"लावलं. हा खांब इथे कधीपासून आहे हो?"

"लई दिस," एली म्हणाला आणि पुन्हा गोठ्यात गेला.

मॅव्हिस फाटकाला धरून उभी होती. मी म्हटलं, "चल, लाव हात, संपव एकदाचं." तर म्हणे, "आधी यादी बघ. दोनशेवा आहे. पुढे कुणी कोपराचं काढायला नको."

घरी येऊन जुन्या मोजणी-खुणांची यादी काढली. यादीत आमच्या भागातला खांब होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं: नष्ट, १९७४.

मंडळाचा अध्यक्ष सिरिल पिकरिंग आमच्या शेजारीच राहतो. जन्मभर त्यानं गावातल्या लोकांना पुरण्याचं काम केलं, आता निवृत्त आहे. अजूनही हळू बोलतो, हळू चालतो आणि तुमच्याकडे बघताना नकळत लांबी-रुंदी घेतो. मी कुंपणाच्या झुडपांवरून त्याला हाक मारली.

"सिरिल, एलीच्या शेतात खांब आहे!"

"आहे ना," सिरिल म्हणाला. "चाळीस वर्षं शववाहिका त्याच रस्त्यानं नेली मी. जाता-येता दिसायचा."

"मग मंडळाला सांगितलं का नाहीस?"

"यादीत नष्ट आहे. एडगर, माझ्या धंद्यात एकदा दाखला निघाला की मग माणूस उठून बसला तरी मोजत नाहीत."

मागून मॅव्हिसचा आवाज आला. "मग तो दाखला रद्द करून आणेल एडगर."

असं माझं कुणी न विचारता ठरलं.

यादी ठेवणारी कचेरी दक्षिणेत आहे. उत्तरेतला माणूस फोन करतोय हे तिथे बहुधा आधी कळतं, कारण मला सत्तेचाळीस मिनिटं व्हायोलिन ऐकवण्यात आलं. मी मुद्दाम शेतात उभा राहून फोन करत होतो, म्हणजे कुणी काही विचारलं तर लगेच बघून सांगता यावं. शेवटी मिस ओकोरो नावाच्या बाई आल्या. आवाज इतका गोड की भांडायची सोय नाही.

"सर, हा खांब अस्तित्वात नाही."

"बाई, मी आत्ता त्याला टेकून बोलतोय." (पाठीनं टेकलो होतो. तळहात लावला नव्हता, मंडळानं नोंद घ्यावी.)

"तुम्ही टेकला असाल सर. पण कशाला टेकलात ते आमच्याकडे नाही."

"मग असायला काय करावं लागेल?"

बाईंनी कागद चाळल्याचा आवाज आला. "खरं सांगू का सर? नष्ट झालेला खांब परत आला, असं आजवर झालेलं नाही. त्यासाठी अर्जच नाही. मी तुम्हाला आमच्या नव्या कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्राचा अर्ज पाठवते. त्यात भागवून घेऊ."

अर्ज आला. अर्जदाराचं पूर्ण नाव: खांब. उंची: चार फूट. डोळ्यांचा रंग: लागू नाही. छायाचित्राच्या सूचना वेगळ्या कागदावर होत्या. चेहरा समोरून पूर्ण दिसावा, मागची बाजू फिकट असावी, डोक्यावर टोपी नसावी, अर्जदारानं हसू नये.

आमच्या आळीला ही बातमी कळायला एक दिवस पुरला. समोरच्या मिसेस ग्रीनहाल्श म्हणाल्या, "डाव्या बाजूनं घ्या, बारीक दिसेल." चहाच्या दुकानातल्या बाईनं फिकट पार्श्वभूमीसाठी आपली टेबलावरची चादर दिली. मी आणि मिसेस ग्रीनहाल्श ती खांबामागे धरून उभे राहिलो, मॅव्हिसनं फाटकावरून फोटो काढला. पहिला फोटो परत आला: चित्रात दुसरी व्यक्ती आहे. मेंढी होती. दुसरा परत आला: डोक्यावर टोपी. एलीनं आपली टोपी वाळत घातली होती, ती आमच्या नजरेत आली नव्हती. तिसरा पास झाला. आठ दिवस गेले होते. शस्त्रक्रियेला पंधरा उरले.

मग शेवटचं पान निघालं. छायाचित्राच्या मागे एका प्रतिष्ठित व्यक्तीनं लिहून द्यायचं होतं: 'मी अर्जदारास किमान दोन वर्षं व्यक्तिशः ओळखतो व हे त्याचेच खरे रूप आहे.' प्रतिष्ठित कोण, याचीही यादी होती. एलीनं पन्नास वर्षं रोज सकाळी त्या खांबाचं तोंड पाहिलेलं, पण शेतकरी यादीत नव्हता. पाणीपुरवठा कचेरीतला निवृत्त वरिष्ठ कारकूनही नव्हता. मी ती यादी तीनदा वाचली. दंतवैद्य होता. कारकून नव्हता. या देशाचं पुढे काय होणार मला कळत नाही.

आमच्या चर्चच्या रेव्हरंड जुडिथ रबरी बूट घालून माझ्याबरोबर शेतात आल्या. खांबाभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "देखणा आहे हो. पण मला या गावात येऊन अठराच महिने झालेत."

"जुडिथबाई, देवाच्या दारी सहा महिन्यांनी काय फरक पडतो?"

"तिथे नाही पडत, एडगर. फॉर्मवर पडतो."

दंतवैद्याकडे गेलो. त्यानं मला खुर्चीत बसवलं, माझ्या तोंडात दोन्ही हात घातले आणि म्हणाला, "बोला." मी बोललो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एक दाढ बुजवली आणि सांगितलं की गवताच्या वाऱ्यानंही त्याला शिंका येतात, म्हणून तो आयुष्यात कधी शेताकडे फिरकलेला नाही. बँक तर गावातून चार वर्षांपूर्वीच गेली. उरला यादीतला एकच धंदा: अंत्यविधी व्यवस्थापक.

म्हणजे सिरिल.

आता इथे कांद्याचं सांगणं भाग आहे. आमच्या गावात दर सप्टेंबरात भाज्यांचं प्रदर्शन भरतं. सिरिल कांदे लावतो. नुसते कांदे नव्हेत, उशीएवढे कांदे. त्यांना तो रात्री पांघरूण घालतो. आदल्या वर्षी त्याच्या कांद्याला दुसरं बक्षीस मिळालं आणि परीक्षक मी होतो. कांदा थोडा डावीकडे कलला होता. मी माझं कर्तव्य केलं. तेव्हापासून सिरिल माझ्याशी बोलायचा, पण गिऱ्हाइकाशी बोलावं तसा.

मी त्याच्या दारात फोटो घेऊन उभा राहिलो. त्यानं चष्मा लावून फोटो बघितला, मागचा मजकूर वाचला, खिशातून पेन काढलं आणि टोपण काही उघडलं नाही.

"खांब सरळ दिसतोय," सिरिल म्हणाला.

"हो."

"कललेला नाही."

"नाही."

"काही काही गोष्टी सरळ असतात, एडगर. बघणाऱ्याची मान वाकडी असते."

माझ्या डोळ्यांसमोर ती वहीतली कोरी ओळ आली. मी घसा साफ केला. "सिरिल, तुझा कांदा पहिला होता."

"जरा मोठ्यानं बोल. बेटीला ऐकू आलं नसेल." बेटी त्याची बायको. ती आतल्या खोलीत होती आणि तिला मुंगी चाललेली ऐकू येते.

"तुझा कांदा पहिला होता!" मी ओरडलो. पलीकडच्या घरातही पडदा हलला. सिरिलनं टोपण काढून सुवाच्य अक्षरात सही केली आणि म्हणाला, "मॅव्हिससाठी मी ती तशीही केली असती." हे त्यानं आधी सांगायला हवं होतं.

अर्ज गेला. दिवस चालले. मॅव्हिस इस्पितळाची पिशवी भरून रिकामी करत होती आणि मी टपालवाल्याच्या पुढे जाऊन उभा राहत होतो. शस्त्रक्रियेला तीन दिवस असताना पाकीट आलं.

'आपल्या अर्जातील खांब अस्तित्वात असल्याचे मान्य करण्यास आनंद होत आहे,' असं पहिलं वाक्य होतं. मी ते मॅव्हिसला वाचून दाखवलं आणि आम्ही स्वयंपाकघरातच एकमेकांना मिठी मारली. मग तिनं दुसरं वाक्य वाचलं. 'तथापि पट्टीवरील क्रमांक व आपण कळवलेले ठिकाण पडताळता, सदर खांब स्वतःपासून सहाशे चाळीस मीटर अंतरावर उभा असल्याचे दिसते. खुलासा करावा.' खाली मिस ओकोरोंनी शाईनं लिहिलं होतं: 'माफ करा सर. मी खूप प्रयत्न केला. बाईंच्या गुडघ्याला शुभेच्छा.'

मी तडक शेतात गेलो. एली फाटकाशीच होता.

"एली, हा खांब स्वतःपासून सहाशे चाळीस मीटर लांब आहे."

"सातशे यार्ड," एली म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हायती नसाया काय झालं? म्याच आणलाय त्यो." त्यानं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "त्यो व्हता वर, माथ्यावर. लोक यायचे हात लावाया. येताना फाटक उघडं, जाताना फाटक उघडं. चौऱ्याहत्तर साली माझ्या अकरा मेंढ्या गावात उतरल्या आन् चर्चात सुगीच्या पूजेला मांडलेला समदा भाजीपाला खाऊन आल्या. कोबी, गाजरं, पाव, समदं. पाद्री घरी आला माझ्या. म्हनलं बास! साखळी लावली, ट्रॅक्टर लावला, वढत आणला खाली रस्त्याकडंला. ज्याला हात लावायचाय त्यानं हितंच लावा आन् जावा."

"आणि कचेरीला?"

"कार्ड टाकलं की! 'तुमचा खांब आता वर न्हाय.' खरं त्येच लिवलं. त्यास्नी वाटलं मोडला."

मी वाटेल ते बोलणार होतो. अकरा मेंढ्यांपायी माझा सिरिलच्या दारात कांदा झाला होता. पण एली खांबाकडे बघत होता.

"मोडला म्हनून लिवलं, तवापासनं कोन आलंच न्हाय," तो म्हणाला. "चार-दोन वर्सं बरं वाटलं. मंग थोरला गेला ऑस्ट्रेलियाला, बायको गेली. कवा कवा वाटायचं, फाटक उघडं टाकनारं का हुईना, पन कुनीतरी यावं. आता तुमी लोक चादर घिऊन आला, तर मला करमाया लागलं."

मी फाटक लावून घरी आलो.

त्याच संध्याकाळी पबच्या मागच्या खोलीत मंडळाची तातडीची बैठक झाली. प्रश्न एकच: खांब म्हणजे वस्तू की जागा? रेव्हरंड जुडिथ पाहुण्या म्हणून आल्या होत्या. अशा चर्चेत चर्चला चौदाशे वर्षांचा अनुभव आहे, असं त्या म्हणाल्या. एक बाजू म्हणे, पट्टी आहे, आकडा आहे, माथ्यावर दुर्बीण बसवायच्या पितळी खाचा आहेत, म्हणजे खांब आहे. दुसरी बाजू म्हणे, खांबाचं काम जागा दाखवणं. जागा सोडून आला तो खांब कसला, तो तर पर्यटक! पोर्क पाय नावाच्या मांसाच्या तीन कचोऱ्या संपल्या. मतदान झालं. पाच विरुद्ध पाच, कारण मॅव्हिसनं स्वतःच्या बाबतीत मत द्यायला नकार दिला. निर्णायक मत अध्यक्षाचं.

सिरिल उभा राहिला. त्याला चाळीस वर्षांच्या सवयीनं उभं राहताना मान खाली घालायला लागते. "माझ्या धंद्यात," तो म्हणाला, "जागा महत्त्वाची असते. पण जागेसाठी कुणी रडत नाही, लोक माणसासाठी रडतात. खांब मोजला जाईल."

मला त्याच्या कांद्याबद्दल फार वाईट वाटलं. त्या क्षणी तो खरोखरच सरळ होता.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सकाळी अख्खं मंडळ फाटकाशी जमलं. एलीनं खांबाला पांढरा रंग दिला होता आणि मेंढ्यांना दुसऱ्या शेतात हाकललं होतं. बेटीनं फळांचा केक आणला होता, त्यावर साखरेत २०० लिहिलं होतं. मॅव्हिस निघाली. मी बाजूनं चाललो होतो, धरलं नव्हतं; धरलेलं तिला खपत नाही. साठ पावलांना नऊ मिनिटं लागली. ती खांबाशी पोचली, काठी माझ्याकडे दिली, उजवा हातमोजा काढला, तळहात उघडला आणि माथ्यावर नेला. दोन बोटांचं अंतर राहिलं असेल.

तिथेच तिचा हात थांबला. तिनं डोंगराकडे बघितलं, जिथून तो खांब आला होता. मग हात मागे घेतला आणि कोटाच्या खिशात घातला.

"नको," ती म्हणाली.

"नको म्हणजे?"

"हा नको. गुडघा झाला की वर जाऊ. याच्या जागेवर."

मी तिथेच, बारा माणसांदेखत, सुटलो. "मॅव्हिस! बावीस दिवस झाले! खांबाचा पासपोर्ट फोटो काढला मी! दाढ बुजवून घेतली! त्या सिरिलला कांदा..."

"एडगर," ती हळूच म्हणाली, फक्त मला ऐकू जाईल इतपतच, "आज हा मोजला की वही भरली. उद्या मला त्या टेबलावर निजवतील तेव्हा माझं काहीतरी राहिलेलं पाहिजे रे."

बावीस दिवस मी ज्या गोष्टीशी झगडत होतो ती खांबाची नव्हतीच, हे मला तेव्हा कळलं. मला भीती वाटत होती. सरळ सांगायचं तर, ती गेली तर मी काय करू, एवढीच ती भीती होती, आणि फॉर्म भरताना माणसाला तेवढं विसरायला होतं. मी तिला काठी दिली. बेटीनं सुरीच्या टोकानं केकवरचे दोनशे खरवडून काढले आणि आम्ही तो आमच्याकडच्या रीतीनं चीजबरोबर खाल्ला. एली तीन तुकडे खाऊन म्हणाला, "मंग वर कवा जायाचं?"

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर मी चार तास बसलो. काय काय मनात आलं ते लिहीत नाही. फक्त त्या कोटाच्या खिशात गेलेल्या हाताचा मला फार आधार वाटला. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "टोमॅटोला पाणी घातलंस?"

आम्ही वर गेलो ते पुढच्या वर्षी, मे महिन्यात. सर्जननं वचन दिलं नव्हतं, पण मॅव्हिसनं ते मागितलंच नव्हतं. सातशे यार्डांना दीड तास लागला. मध्ये चिखल, त्यात माझा एक बूट राहिला. एली पुढे, मंडळ मागे, सगळ्यात शेवटी जुडिथबाई, आणि दर फाटकाशी एली मागे वळून ओरडायचा, "लावलं का?" आणि चर्चकडून उत्तर जायचं, "लावलं!"

माथ्यावर काहीच नव्हतं. झुडपं, वारा आणि झुडपांच्या मुळाशी एलीनं फावड्यानं मोकळा केलेला सिमेंटचा चौकोन, जमिनीला अगदी सपाट. खांबाचा पाया. मधोमध पितळेची एक खूण होती. पन्नास वर्षांत ती जागची हलली नव्हती.

आणि तिथे एक अडचण निघाली, जी अकरा जणांच्या मंडळाला वर्षभरात सुचली नव्हती. नवा गुडघा चालतो, चढतो, जिना उतरतो. टेकवता मात्र येत नाही. मॅव्हिस वाकून बघत होती, तळहात जमिनीपासून दीड फूट वर.

"काठीनं..." कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बूट बांधायला लागला.

मग सिरिल पुढे आला. त्यानं कोट काढून घडी करून ठेवला. "एडगर, तू डावा खांदा धर. जुडिथबाई, उजवा. एली, पाठीखाली हात. पाय मी घेतो. घाई करायची नाही, धक्का द्यायचा नाही, मी म्हणेन तेव्हाच. चाळीस वर्षं हेच केलंय मी."

"सिरिल," मॅव्हिस आडवी होत होत म्हणाली, "यावेळी परत वर काढायचंय, लक्षात आहे ना?"

"आहे," सिरिल गंभीरपणे म्हणाला. "ते मात्र मला पहिल्यांदाच करायचंय."

आम्ही तिला खाली ठेवलं. एवढं अलगद कुणाला ठेवलेलं मी पाहिलेलं नाही. तिनं कुशीवर वळून हातमोजा काढला आणि पितळी खुणेवर तळहात टेकवला. पूर्ण, पाचही बोटं पसरून. तिनं हात तिथेच ठेवला, बराच वेळ, आणि मग दुसऱ्या हातानं माझ्या विजारीचं टोक ओढलं. मी पायात उरलेल्या एका बुटासकट खाली बसलो आणि तिच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. माझा एकशे अठ्ठ्याऐंशीवा.

"गार आहे," ती म्हणाली.

"गारच असणार."

"बरं वाटतंय पण."

मग सिरिलनं तीन आकडे मोजले आणि आम्ही तिला वर काढलं. वर काढणं जरा वेडंवाकडं झालं, एलीची टोपी उडाली, जुडिथबाई झुडपात बसल्या. त्यात सिरिलचा हात बसलेला नव्हता, त्याला दोष नाही. मॅव्हिस उभी राहिली, कोट झटकला, गुडघा एकदा हलवून बघितला आणि सिरिलचे दोन्ही हात धरून म्हणाली, "थँक यू, सिरिल."

सिरिलनं मान डोलावली आणि पाठ करून वाऱ्याकडे तोंड केलं. बराच वेळ तो नाक पुसत होता. त्याच्या अख्ख्या धंद्यात, खाली ठेवलेल्यांपैकी कुणी त्याचे आभार मानले नव्हते.